तळ्यातला मुलगा आणि ई-वे बिल

पहाटे पावणेपाच

आज गॅस पेटवायचा नाही, त्यामुळे पाऊण तास हाताशी आला. श्रावण शुद्ध सप्तमी, म्हणजे शिळासप्तमी. आईने कालच पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि दहीभात करून झाकून ठेवलाय आणि शेगडीला हळदकुंकू वाहून तिला सुट्टी दिलीय. कणीक मळायची नाही, डबा करायचा नाही. चहाही नाही, हे मात्र जड जातं. ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी उभ्यानेच लिहिते. हॉलमध्ये आई झोपलेली असते, आतल्या खोलीत भाची, आणि वन बीएचकेत तिसरी जागा एवढीच.

कादंबरी सोळा ते वीस वयाच्या मुलामुलींसाठी आहे. अद्भुत प्रेमकथा. मुलगी नवी मुंबईतल्या रोडपालीची, मुलगा तळ्यातला. तळंही रोडपालीचंच. मुलगा मी शिळासप्तमीच्या कहाणीतून उचलला. राजाने गाव वसवलं, तळं बांधलं, पाणी काही लागेना. जलदेवता म्हणाल्या, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. सून तेव्हा माहेरी होती. सासऱ्याने नातवाला न्हाऊमाखू घालून तळ्याच्या मधोमध पलंगावर निजवलं आणि तळं भरलं. सून परत येताना वाटेत ते तळं लागलं. सप्तमी होती. तिने काकडीच्या पानावर दहीभात ठेवून पूजा केली, पाण्यात उभी राहून हात जोडले, तर खालून कोणीतरी पाय ओढतंय. पाहते तो तिचाच मुलगा.

कहाणी इथे आनंदाने संपते. माझं डोकं इथून पुढे चालू होतं. मधल्या काळात तो खाली काय करत होता? त्याला जेवू कोण घालत होतं? वर आल्यावर तो त्याच आजोबांच्या शेजारी कसा झोपला? आपली कहाणी याबद्दल अवाक्षर काढत नाही. जपानी कथा काढतात, म्हणून मी तिकडे वळले.

उराशिमा तारो नावाचा मच्छीमार समुद्राच्या तळाशी राजकन्येबरोबर तीन वर्षं सुखात राहतो. मग घरची आठवण येते. निघताना ती त्याला एक पेटी देते आणि उघडू नकोस म्हणून बजावते. किनाऱ्यावर येतो तर तीनशे वर्षं उलटलेली, गावात ओळखीचं कोणी नाही. तो पेटी उघडतो आणि ती सगळी वर्षं एकदम त्याच्या अंगावर येतात. ७२० साली पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात हा मच्छीमार आहे, म्हणजे कथा तेराशे वर्षं टिकली आहे. पाण्याखाली काळाचा हिशेब वेगळा, एवढं मी तिथून घेतलं. माझा मुलगा, हिरू, १८६१ साली तळ्यात गेला आणि परवा वर आला. त्याच्या मते मधे तीन पावसाळे झाले.

१८६१च का, ते दुपारच्या डब्याच्या वेळी सांगते.

साडेसहा

पाणी आलं. पंप, बादल्या, कपडे, पंधरा मिनिटं सगळ्यांची धावाधाव. भाची बारावी कॉमर्सला आहे, खारघरला जाते. माझी पहिली वाचक तीच. तिच्या पिढीच्या वाचनाबद्दल मला जे काही कळतं ते सगळं तिच्याकडून. शाळेत असताना ‘सुझुमे’ लागला, तेव्हापासून ती जपानी चित्रपटांच्या मागे आहे, आणि फोनवर इंग्रजी कादंबऱ्यांचा फडशा पाडते. त्यांत ज्युली कागावाची ‘शॅडो ऑफ द फॉक्स’ आहे, रेने अहदीएची ‘फ्लेम इन द मिस्ट’ आहे. पहिलीची नायिका अर्धी माणूस, अर्धी कोल्हीण. अशी पुस्तकं वाचणारीला काल रात्री मी माझं सहावं प्रकरण दिलं.

“मावशी, हिरू? हिरू नावाच्या मुलाच्या प्रेमात कोण पडणार?”

“१८६१ साली आगऱ्यांच्या घरात रेन किंवा हारुतो नाव ठेवत नसत.”

“आणि तो फारच गुणी आहे गं. शिंगं नाहीत, शेपूट नाही, साधा चिडत पण नाही. जपानी काय आहे यात?”

प्रश्न रास्त आहे. माझ्या कादंबरीत चेरीचा मोहोर नाही, किमोनो नाही, कागदी कंदील नाहीत. रोडपालीत गुलमोहर आहे आणि तळ्यात जलपर्णी. सजावट उसनी आणली की ती तशीच दिसते, गणपतीच्या मखरातल्या थर्माकोलच्या खांबांगत. जपानी कथांतून घ्यायची गोष्ट एकच, ती म्हणजे अट. तिथली जवळजवळ प्रत्येक प्रेमकथा अटीवर उभी असते. सारस पक्षीण माणसाची बायको होऊन राहते आणि म्हणते, मी मागावर बसले की आत डोकावू नकोस. हिमस्त्री मरणाच्या दारातून सोडलेल्या तरुणाला म्हणते, आज पाहिलंस ते कोणाला सांगू नकोस, आणि पुढे वेगळ्या रूपात येऊन त्याच्याशीच संसार थाटते. समुद्रराजाची मुलगी तोयोतामा नवऱ्याला सांगते, बाळंत होताना माझ्याकडे पाहू नकोस. तो पाहतोच, आणि त्याला दिसतो एक भलाथोरला जलचर. ती मूल त्याच्यापाशी ठेवून समुद्रात निघून जाते. तिचा नातू जपानचा पहिला सम्राट झाला, असं तिथलं पुराण सांगतं.

भाचीला मी म्हटलं, तुला हे परकं वाटतंय का? उर्वशीने पुरूरव्याला काय घातलं होतं? अटच. मी तुला विवस्त्र पाहता कामा नये. गंधर्वांनी वीज चमकवली आणि खेळ संपला. गंगेने शंतनूला काय सांगितलं? मी काहीही केलं तरी विचारायचं नाही. सात मुलं पाण्यात सोडेपर्यंत तो गप्प राहिला, आठव्याला त्याने तोंड उघडलं आणि ती गेली.

“सात?” भाची केस विंचरता विंचरता थांबली. “सातपर्यंत गप्प? रेड फ्लॅग आहे तो माणूस.”

हे वाक्य मी सातव्या प्रकरणात घालणार आहे.

पावणेआठ

आई आज तळ्यावर निघाली आहे. माझ्या ऑफिसच्या वाटेवरच ते पडतं, म्हणून बरोबर गेले. काकडीचं पान बाजारात मिळत नाही. गावठाणात एका आजींच्या दारात काकडीचा वेल चढवलेला आहे, त्या दर वर्षी दोन पानं देतात. रोडपाली गाव आणि रोडपालीचे सेक्टर ही दोन वेगळी जगं आहेत, मधे रस्ता. गावात कौलारू घरांच्या जागी तीन-तीन मजले चढले आहेत. पलीकडे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभे राहिलेले टॉवर. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने जमीन घेतली त्या बदल्यात परत मिळालेली ही साडेबारा टक्के. इथे कोणालाही त्यापुढे ‘योजना’ हा शब्द लावावा लागत नाही.

आजींनी पान देता देता विचारलं, “यंदा पण तळ्यान उतरनार का? जपून गो. गिऱ्हा हाय तय.”

गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. बुडून मेलेल्याचं. रात्री पाण्याकाठून जाणाऱ्याला खोलात नेतं. पण त्याच्या डोक्यावरचा केस हाती लागला आणि लपवून ठेवता आला, तर ते घरगडी होऊन राबतं, मासळी आणून देतं. केस सापडला की पसार, आणि जाताना सूड घेऊन. आजी हे भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज सांगतात. जपानी नद्यांत याचा चुलतभाऊ राहतो, कप्पा. पोराएवढा, पाठीवर कासवाचं कवच, डोक्यावर खळगा आणि त्यात पाणी. ते पाणी सांडलं की त्याची ताकद गेली. शक्ती डोक्यावर ठेवायची आणि ती कोणीतरी काढून घेऊ शकेल अशी ठेवायची, ही युक्ती दोघांचीही. आणि कप्पाला शांत करायला जपानी लोक पाण्यात काय टाकतात? काकडी. काकडीच्या सुशीला तिथे कप्पामाकीच म्हणतात. हे मी आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग? पान्यातल्यांना थंडच लागतं.” यावर माझ्याकडे याहून शहाणं स्पष्टीकरण नाही.

आईने काठावर पान मांडलं, दहीभात ठेवला, वर लोणच्याची फोड आणि सुपारी. काठावर बाकावर एक जोडी बसली होती, कॉलेजची बॅग मधे ठेवून. आईने पाठ केली. मला तोक्योतलं इनोकाशिरा उद्यान आठवलं. तिथल्या तळ्यात बेन्झाइतेनचं देऊळ आहे आणि तळ्यात नावेने फिरणाऱ्या जोड्या तुटतात अशी समजूत आहे, कारण देवी मत्सरी. ही बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेली, हातात वीणेऐवजी त्यांचं बिवा. माहेरी असताना ती कोणाच्या प्रेमात आडवी आल्याचं ऐकिवात नाही. परदेशी जाऊन स्वभाव बदलला असावा.

तळ्याकडे पाहताना मला नेहमी हाकू आठवतो. मियाझाकींच्या २००१च्या ‘स्पिरिटेड अवे’मधला. तो मुलगा खरं तर नदी आहे, पण ती नदी बुजवून तिच्यावर इमारती बांधल्यात, म्हणून त्याला घरी जाता येत नाही. नवी मुंबईतल्या कुठल्याही सोळा वर्षांच्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. खाडी, मिठागरं, भातखाचरं यांवर भराव टाकून आपण राहतो. सिडकोने भरतीच्या वेळी पाणी साठवायला धारण तलाव ठेवले, तरी २६ जुलै २००५ला कळंबोलीत पाणी शिरलंच. त्या चित्रपटातही अट आहे: बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. चिहिरो वळत नाही. अट पाळली गेली अशी माझ्या माहितीतली ही मोजक्या गोष्टींपैकी एक, आणि ती पाळते दहा वर्षांची मुलगी.

सव्वानऊ ते दीड

कळंबोलीचं स्टील मार्केट. मी एका व्यापाऱ्याकडे अकाउंट्स आणि बिलिंग बघते. बाहेर ट्रेलरच्या रांगा, पावसाचं गढूळ पाणी, काट्यावर वजनासाठी थांबलेल्या गाड्या, क्रेनचा घरघराट. आत मी, प्रिंटर आणि शेठचा फोन. अँगल, चॅनल, पट्टी, एचआर कॉइल. काट्याची पावती आली की बिल, बिलामागे ई-वे बिल.

कादंबरीची कळ मला या ई-वे बिलात सापडली. रस्त्यावरच्या मालाला हे बिल लागतं आणि त्याला आयुष्य असतं: साधारण गाडीला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस. कोल्हापूरला जाणाऱ्या कॉइलला दोन दिवस. त्या मुदतीत गाडी पोचली नाही तर माल तोच, गाडी तीच, रस्ता तोच, पण कागदावर ती बेकायदा. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते. उराशिमाच्या पेटीला ही सोय असती तर बरं झालं असतं, असा विचार मनात आला आणि तिथेच हातातलं बिल बाजूला ठेवून मागच्या कोऱ्या कागदावर लिहिलं: हिरूची अट — मला साल सांगू नकोस.

हीच ती पेटी. हिरूला जलदेवतांनी सोडताना बजावलंय की वरचं साल कळलं तर सगळी वर्षं एकदम तुझ्यावर येतील. तो जुईला, माझ्या नायिकेला, ही अट घालतो. आता रोडपालीत एखाद्या मुलापासून साल लपवून दाखवा. फोनवर तारीख. रिक्षाच्या पाठीवर वाढदिवसाचे बॅनर, भाऊंच्या फोटोखाली साल. दुधाच्या पिशवीवर तारीख, बिस्किटांच्या पुड्यावर तारीख. जुई घरातलं कालनिर्णय उतरवते तेव्हा तिची आजी सत्याग्रह करते, चतुर्थी कशी कळणार म्हणून. तीन प्रकरणं मला यातच हसत-खेळत मिळाली. प्रेमात पडलेली मुलगी एरवी काय काय लपवते! इथे तिला कॅलेंडर लपवायचंय.

बाकी सकाळ सांगण्यासारखी नाही. दोन क्रेडिट नोटा, एक चुकीचा जीएसटी नंबर, शेठचा रक्तदाब.

दीड

डबा उघडला. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, “आज शिळं काय मॅडम?” गार पुरी चांगली लागते, हे त्यांना पटलं नाही.

आता १८६१. त्या वर्षी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. सात वर्षांनी नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’. मराठी कादंबरीचं बालपण या असल्या अद्भुत प्रेमकथांत गेलं: संकटात सापडलेल्या सुंदर नायिका, विरह, योगायोग, शेवटी मीलन. पुढे हरिभाऊ आपट्यांनी वाचकाला खऱ्या घरांत, खऱ्या विधवांपाशी आणून बसवलं आणि तेव्हापासून अद्भुत लिहिणं हे मराठीत जरा पोरकटपणाचं मानलं जातं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मात्र १९०२च्या ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुताची बाजू घेतली होती. हरिभाऊ फार मोठे, यात वाद नाही. पण हळब्यांचा रस्ता बंद पडला आणि आमच्या मुलांना अद्भुत हवं असलं की ती इंग्रजीतून जपानला जाऊन ते आणतात. हिरू तळ्यात गेला ते साल मी म्हणून निवडलं. पुस्तक छापून झालं तर ही खोडी कोणाच्याही लक्षात येणार नाही, तरी माझी मला गंमत.

जपानी लेखिकांनी तो रस्ता सोडला नाही. नोरिको ओगिवारांची १९८८ची पहिली कादंबरी ७१२ सालच्या ‘कोजिकी’तल्या देवांवर बेतलेली आहे. पंधरा वर्षांची साया आणि प्रकाशाच्या कुळातला चिहाया यांची प्रेमकथा. इंग्रजीत ती ‘ड्रॅगन स्वोर्ड अँड विंड चाइल्ड’ नावाने आली. मला तिच्यातलं आवडतं ते हे की देव त्यात भव्य असले तरी घरातल्या भांडकुदळ काका-आत्यांसारखे वागतात, आणि साया त्यांच्यापुढे दबत नाही.

जेवण झाल्यावर फोनवर थोडं वाचन. सध्या ‘फोकलोर नोट्स’चा १९१५चा कोकणाचा खंड. ए. एम. टी. जॅक्सन या गोऱ्या अधिकाऱ्याने प्रश्नावली काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून भुताखेतांची, विहिरींची, झाडांची माहिती मागवली. तो खंड त्याच्या हातून पुरा झाला नाही. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या, आणि टिपणं पुढे एन्थोव्हेनने संपादित केली. कान्हेरे तेव्हा अठराच्या आसपासचे. अठराच्या आसपासच्यांसाठीच लिहिणारी मी, त्या टिपणांतली भुतं शोधत बसते. याचं नेमकं काय वाटायला हवं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मास्तरांबद्दल मात्र आदर वाटतो. तिकडे लाफ्काडिओ हर्नने ‘क्वाइदान’मध्ये १९०४ साली हिमस्त्रीची कथा छापली आणि ती जगभर गेली. आमच्या मास्तरांची भुतं सरकारी कागदात राहिली.

तीन ते सहा

खंबाटकीत गाडी अडकली. ड्रायव्हरचा फोन, शेठचा फोन, परत ड्रायव्हरचा. मुदत वाढवली. कारण: वाहतूक कोंडी. संपलं.

सात

शेअर रिक्षात चौथी म्हणून बसले. सर्कलला नेहमीसारखं अडकलो. आभाळ गच्च. त्या ढगांच्या वर आज दोन तारे भेटायचे आहेत, कारण जपानी तानाबाता हा सण जुन्या चांद्र पंचांगानुसार सातव्या महिन्याच्या सप्तमीचा, आणि ती बहुतेक वर्षी आपल्या श्रावण शुद्ध सप्तमीच्या आसपासच पडते. आता तिकडे ७ जुलैला साजरा होतो, सेंदाई शहरात ऑगस्टमध्ये. आकाशातली विणकर राजकन्या आणि गुराखी लग्नानंतर एकमेकांत इतके गुंगले की तिचा माग बंद पडला आणि त्याची गुरं मोकाट सुटली. बापाने दोघांना आकाशगंगेच्या दोन काठांवर बसवलं. वर्षातून एक रात्र भेट, तीही पाऊस नसेल तर. प्रेम केल्याची ही शिक्षा नव्हती, कामं टाकल्याची होती. महिनाअखेरीला हिशेब जुळवणारी बाई म्हणून मला त्या बापाचं थोडं पटतं.

विणकरीण म्हणजे आपला अभिजित, गुराखी म्हणजे श्रवण. श्रवणाच्या दोन बाजूंना दोन बारके तारे आहेत. ही कथा मूळची चीनची, आणि चिनी लोकांना त्या दोन ताऱ्यांत गुराख्याची दोन मुलं दिसतात, खांद्यावरच्या काठीला टांगलेल्या टोपल्यांत बसून आईला भेटायला निघालेली. आपल्याला त्याच तीन ताऱ्यांत श्रावणबाळ दिसतो, कावडीत आंधळे आई-वडील घेतलेला. काठी तीच. आपल्याकडे प्रियकराच्याही खांद्यावर आई-वडीलच बसायचे.

जुईच्या आईवडिलांचं काय करायचं हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. इंग्रजी पुस्तकांत ते दुसऱ्या पानापर्यंत मेलेले असतात. रोडपालीत ते शक्य नाही. ते रात्री दहाला “कुठे आहेस?” असा मेसेज करतात.

साडेनऊ

भाचीने गॅलरीतल्या लकी बांबूला कागदाची चिठ्ठी बांधलीय. तानाबाताला जपानी मुलं बांबूवर इच्छा लिहून बांधतात. तिची इच्छा: “अकाउंट्स सुटू दे.” आईने चिठ्ठी वाचून बांबूला कुंकू लावलं.

मी परत ओट्यावर. आज उरलेलं काम अवघड आहे: अट मोडायची. ‘कोजिकी’त इझानामी मरते आणि इझानागी तिला आणायला पाताळात जातो. ती आतून म्हणते, मी विचारून येते, तोवर पाहू नकोस. त्याला धीर धरवत नाही. फणीचा दात मोडून पेटवतो आणि बघतो तर ती सडतेय. तो पळतो, ती मागे लागते, तो वाटेवर शिळा लोटतो. शिळेच्या अल्याड-पल्याड उभं राहून त्यांचा घटस्फोट होतो. ती म्हणते, तुझी रोज हजार माणसं मारीन. तो म्हणतो, मी रोज दीड हजार जन्माला घालीन. एवढं कडवट आणि एवढं खरं नवरा-बायकोचं भांडण मी दुसऱ्या कुठल्या पुराणात वाचलेलं नाही. पण या सगळ्या कथांत अट घालणारा एक असतो, मोडणारा दुसरा, आणि शिक्षा म्हणून ताटातूट. आजच्या सोळा वर्षांच्या मुलीला मी हे तसंच कसं देऊ? कुतूहल वाटलं म्हणून सगळं गमावलंस, असं तिला सांगायचं? आणि अट मोडलीच नाही तर गोष्ट कुठली?

भाची पाण्याची बाटली भरायला आली. मी तिला विचारलं, तू जुईच्या जागी असतीस तर?

“मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं. लपवून रिलेशनशिप होत नाही.”

“तो मरेल ना.”

“एकदम सांगितलं तर मरेल. थोडं थोडं सांग.”

ती हे फोनकडे बघत बोलली. मी हातातली बाटली खाली ठेवली. एवढी वर्षं मी हप्ते पाडते, घसारा लावते, एकदम न झेपणारी रक्कम वर्षांवर वाटून टाकते, आणि पेटीचं झाकण एकदमच उघडावं लागतं असं धरून चालले होते. जुई पेटी उघडेल, पण हप्त्याने. रोज संध्याकाळी तळ्याकाठी एक साल. १८६२ साली गावात काय झालं, मग १८६३. ऐकलेलं साल अंगावर पडत नाही, न ऐकलेलंच पडतं, असा नियम करायचा. हिरू रोज एक वर्ष ऐकेल, आणि शेवटच्या संध्याकाळी ती त्याला चालू साल सांगेल तेव्हा त्याला फक्त एका वर्षाचं ओझं येईल.

नियम बसला, आणि लगेच दुसरं संकट उभं राहिलं. जुईला ती सगळी वर्षं माहीत हवीत. मला तरी कुठे माहीत आहेत? वहीत यादी केली. १९७०, सिडको आली. १९८४चा जानेवारी, जमिनींसाठीच्या आंदोलनावर जासईचा गोळीबार, पाच हुतात्मे, त्यानंतर साडेबारा टक्के. २००५चा पूर. २०१६, पनवेल महानगरपालिका. बाकी रकाने कोरे. मिठागरं कधी बंद पडली? गावात पहिली वीज कोणाच्या घरी आली? गुरं कोणत्या साली विकली? उद्या ऑफिसला जाताना आजींकडे थांबायचं, पान परत मागायच्या निमित्ताने. त्यांना साल आठवणार नाही, पण कोणाच्या लग्नाच्या वर्षी ते नक्की आठवेल, आणि लग्नाच्या पत्रिका लोक जपून ठेवतात.

अकरा

भाची यादी वाचत होती.

“मावशी, यात ते दोघं एकमेकांना किस कधी करणार?”

मी वहीत पाहिलं. “१९३०च्या सुमारास.”

“एवढ्या उशिरा?”

“त्याचा विश्वास बसायला नको का?”

“माझ्या वर्गातली एकही मुलगी १९००च्या पुढे थांबणार नाही.”

मी १९००वर खूण केली आणि साडेचारचा गजर लावला. उद्या गॅस पेटवायचा आहे.